उच्च रक्तदाब : आपल्याच कपाटातील लवण, ज्येष्ठमध आणि सर्पगंधा

उच्च रक्तदाबाच्या आयुर्वेदीय चिकित्सेवर आपल्या नियतकालिकांतून आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. त्यांतील बहुतेक लेख 'कोणते औषध द्यावे' या प्रश्नाभोवती फिरतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच्या अगोदरचा प्रश्न घेतला आहे. आपण नित्य वापरत असलेल्या आणि निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या कोणत्या कल्पांनी रक्तदाबाच्या रुग्णास अपाय होतो, हा तो प्रश्न होय. तो आम्हांस ग्रंथवाचनातून सुचला नाही. एका रुग्णेने तो आमच्यापुढे ठेवला, आणि त्यात चूक आमची होती. म्हणून आरंभ तिच्याच वृत्तांताने करतो.

सुमारे ५८ वर्षे वयाच्या एक निवृत्त शिक्षिका कोरड्या खोकल्यासाठी आमच्याकडे आल्या. चार महिने खोकला होता. कफ नाही, ज्वर नाही. रात्री आडवे पडले की घसा खवखवून उबळ येई. जोडीला अग्निमांद्य व आध्मान होते. "बीपीची एकच गोळी आहे, ती चालू आहे," असे त्यांनी सांगितले व आम्हीही तेवढेच केसपेपरवर लिहून घेतले. गोळीचे नाव विचारले नाही, रक्तदाब मोजला नाही. वातज कास समजून ज्येष्ठमधाचे चूर्ण ३ ग्रॅम दिवसातून दोन वेळा मधाबरोबर व अग्निमांद्यासाठी लवणभास्कर चूर्ण ३ ग्रॅम दोन्ही जेवणांच्या वेळी ताकातून दिले. घसा निवला, भूक लागू लागली. रुग्णा संतुष्ट होती व आम्हीही संतुष्ट होतो. औषध परस्पर दुकानातून नेण्यास आम्हीच सांगितले.

सहा आठवड्यांनी त्या जिना चढवत नाही म्हणून आल्या. पायांत बळ नव्हते, घोट्यांवर सूज होती, आणि रक्तदाब १७८/१०४ भरला. रक्ततपासणीत पोटॅशियम २.९ निघाले, ते किमान ३.५ असावयास हवे. तेव्हा कुठे आम्ही गोळीचे पाकीट मागवून पाहिले. रॅमिप्रिल व हायड्रोक्लोरोथायझाइड अशी ती संयुक्त गोळी होती. रॅमिप्रिलच्या वर्गातील औषधांनी काही रुग्णांना कोरडा खोकला लागतो, हे आधुनिक वैद्यकातील कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. म्हणजे ज्यास आम्ही वातज कास समजलो तो त्या गोळीचा परिणाम होता. त्यावर आम्ही रक्तदाब वाढविणारे एक द्रव्य दिले व वरून दररोज मीठ खाऊ घातले. गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइडही पोटॅशियम कमी करते व ज्येष्ठमधही करते, या दोहोंची बेरीज त्यांच्या पायांत उतरली.

दोन्ही चूर्णे त्याच दिवशी बंद केली. त्यांच्या डॉक्टरांना आम्ही स्वतः दूरध्वनी केला. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती; त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पोटॅशियम सुरू केले व गोळी बदलून टेल्मिसार्टन दिले. तीन आठवड्यांत खोकला गेला. ज्येष्ठमधाचा परिणाम बंद केल्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यामुळे रक्तदाब पूर्वपदावर येण्यास महिना लागला.

या प्रसंगानंतर आम्ही आमच्या औषधालयातील कपाट रक्तदाबाच्या दृष्टीने एकेक बरणी काढून तपासले. त्यात जे आढळले ते पुढे मांडीत आहोत.

लवणाचा हिशोब

लवणभास्कर चूर्ण शार्ङ्गधरोक्त आहे. त्यात सामुद्र लवण ८ कर्ष, सौवर्चल ५ कर्ष, विड २ कर्ष व सैंधव २ कर्ष, अशी एकूण १७ कर्ष लवणे येतात. उरलेली सर्व द्रव्ये मिळून २४ कर्ष होतात. म्हणजे एकूण ४१ कर्षांपैकी १७ कर्ष, सुमारे ४० टक्के चूर्ण लवणच आहे. आमच्या रुग्णेला दिवसाला ६ ग्रॅम चूर्ण जात होते, त्यातून जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ पोटात जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम सांगितली आहे. त्या मर्यादेचा अर्धा वाटा आमच्या एका पुडीनेच संपविला. ताकात मीठ घालून पिणे ही आपल्याकडील सवय, ती वेगळी.

हिंग्वाष्टकात आठ द्रव्यांपैकी एक सैंधव, म्हणजे अष्टमांश लवण. ३ ग्रॅम मात्रेत ते पाव-अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येते. थोडे दिवस देण्यास हरकत नाही, परंतु 'रोज जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर' असे वर्षानुवर्षे सांगितले जाते ते रक्तदाबाच्या रुग्णास सांगू नये. शंखवटीत पंचलवणे व क्षार आहेत. नारिकेल लवण तर नावाप्रमाणेच नारळात भरून पुटपाक केलेले सैंधव आहे. अम्लपित्त-परिणामशूलात ते उत्तम काम करते, आणि नेमके याच रुग्णांत प्रौढ, स्थूल व रक्तदाबाचे रुग्ण बरेच असतात. खाण्याच्या सोड्याचे फसफसणारे पाचक कोणत्याही पानपट्टीवर मिळते, रुग्ण ते आपणास सांगतही नाही. त्यातही सोडियमच आहे.

येथे सैंधवाविषयी दोन शब्द अवश्य लिहावयास हवेत, कारण या बाबतीत रुग्णांपेक्षा आपलाच घोळ अधिक आहे. सैंधव लवणांमध्ये श्रेष्ठ, अविदाही, चक्षुष्य व नित्य सेवनास योग्य असे सांगितले आहे हे खरेच. तथापि त्यावरून 'बीपी आहे ना, मग साधे मीठ बंद करा, सैंधव कितीही खा' असा जो उपदेश आपल्या दवाखान्यांतून दिला जातो त्याला कोणताही आधार नाही. सैंधव हे खाणीतून निघालेले सोडियम क्लोराइड आहे. गुलाबी असो वा पांढरे, त्यात इतर खनिजांचा अंश अत्यल्प असतो. लवणांतील श्रेष्ठत्व म्हणजे मात्रेचे बंधन सुटले असे नव्हे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतियोग निषिद्ध मानला आहे, आणि दुधाबरोबरही लवण खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु, सौवीर या देशांतील लोकांची उदाहरणे देऊन अतिलवणाचे दोष दाखविले आहेत. तेथे सैंधवास सवलत दिलेली नाही. शिवाय सैंधवात सामान्यतः आयोडीन मिसळलेले नसते, ही गोष्टही गलगंडाच्या प्रदेशात विसरून चालणार नाही.

राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय प्रौढांचे सरासरी मीठ दिवसाला ८ ग्रॅम आढळले. आपल्या प्रदेशात ते कोठून येते हे रुग्णाच्या ताटाकडे पाहिल्यास कळते. लोणचे, पापड, ठेचा, कुरडया, चिवडा-फरसाण, कोकणपट्टीत सुकट व खारा बांगडा. 'मीठ कमी करा' असे मोघम सांगितल्यास रुग्ण भाजीतील चिमूट कमी करतो व लोणच्याची फोड दुप्पट घेतो. आम्ही आता घरातील गृहिणीस विचारतो की किलोभर मिठाची पिशवी किती दिवस पुरते व घरात जेवणारी माणसे किती. चार माणसांच्या घरात पिशवी महिनाभरात संपत असेल तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर मीठ झाले. लोणचे-फरसाण त्यात धरलेले नाही. हा हिशोब रुग्णास पटतो.

पोटॅशियमयुक्त कमी-सोडियम मीठ आता बाजारात मिळते. चीनमध्ये सुमारे २१,००० व्यक्तींवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले. परंतु वृक्कविकार असणाऱ्यास, तसेच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यास हे मीठ परस्पर सुचवू नये. रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. हाच विचार यवक्षार व पुनर्नवेस लागू आहे. वनस्पतींच्या राखेतील क्षार बहुतांशी पोटॅशियमचे असतात, आणि पुनर्नवेतही पोटॅशियमचे लवण आहे.

ज्येष्ठमध

ज्येष्ठमधावर आमचा राग नाही. स्वर्य, कंठ्य, पित्तशामक व व्रणरोपक म्हणून ते आम्ही आजही वापरतो. तथापि त्याचा रक्तदाबावरील परिणाम हा तर्काचा विषय राहिलेला नाही. १९४६ साली नेदरलँड्समधील रेव्हर्स यांनी जठरव्रणाच्या रुग्णांस ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रण भरत होते, पण काही रुग्णांच्या चेहऱ्यावर व हातापायांवर सूज येऊ लागली. कारण पुढे उलगडले. आपल्या शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वृक्कात मीठ धरून ठेवण्याचे काम करू शकते. ते तसे करू नये म्हणून वृक्कातील एक विकर त्यास निष्क्रिय करीत असते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनपासून बनणारे द्रव्य या विकरासच अडविते. परिणामी मीठ व पाणी शरीरात साठते, पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते आणि रक्तदाब वाढतो.

युरोपीय शास्त्रीय समितीने २००३ साली ग्लिसिरायझिनची दैनिक मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचविली होती. स्वीडनमध्ये झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी तरुणांनाही केवळ एवढ्या मात्रेने दोन आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी ३ मि.मी.ने वाढलेला आढळला. मुळातील ग्लिसिरायझिनचे प्रमाण मालागणिक बदलते. ते ३ टक्के धरले तरी आमच्या ६ ग्रॅम चूर्णातून १८० मिलिग्रॅम जात होते.

संयुक्त कल्पात एखादा अंश ज्येष्ठमध असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आमची मर्यादा एकेरी चूर्ण, घन वा काढा ग्रॅमच्या मात्रेत सलग देण्यापुरती आहे. रक्तदाबाच्या, हृद्रोगाच्या वा मूत्रल गोळी घेणाऱ्या रुग्णास आम्ही ते देत नाही. त्या ठिकाणी कासासाठी अडुळसा व कंटकारी, दाहासाठी शतावरी वा आवळा पुरेसा होतो. अम्लपित्ताचे रुग्ण ज्येष्ठमध स्वतःहून वर्षभर घेतात. औषधालयाच्या काउंटरवर 'ज्येष्ठमध पावडर द्या' असे म्हणणाऱ्यास 'बीपीची गोळी चालू आहे का?' एवढे विचारण्यास फारसा वेळ लागत नाही.

सर्पगंधा

आता ज्या औषधाने आयुर्वेदाचे नाव या व्याधीत जगभर नेले त्याकडे वळू. बिहारकडे वेडाचे औषध म्हणून प्रचलित असलेल्या या मुळीविषयी कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंतील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी काढून त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडली, तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रिसर्पिन वेगळे झाले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मागील पिढीतील अनेक रुग्ण रिसर्पिन असलेली गोळी डॉक्टरांकडूनच घेत असत.

हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगत नाही. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेली नॉरॲड्रिनलीन, डोपामीन व सेरोटोनिन ही द्रव्ये रिकामी करते. म्हणून रक्तदाब उतरतो, आणि म्हणूनच नाक चोंदते, नाडी मंदावते, तंद्रा येते, जठरव्रण चिघळतो, कंपवाताची लक्षणे दिसतात आणि काही रुग्णांत विषाद उत्पन्न होतो. परिणाम दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढतो व औषध थांबविल्यावरही बराच काळ टिकतो. तिसऱ्या दिवशी गुण दिसत नाही म्हणून मात्रा दुप्पट करणारा वैद्य तिसऱ्या आठवड्यात अडचणीत येतो.

मात्रेचा हिशोब येथेही करून पाहावा. आधुनिक चिकित्सेत रिसर्पिनची दैनिक मात्रा ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम एवढीच ठेवतात. मुळात रिसर्पिन गटाची अल्कलॉइडे ०.१५ टक्के धरली तर २५० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये सुमारे ०.३७ मिलिग्रॅम येतात. मूळचूर्णाच्या मात्रा काही ग्रंथांत ग्रॅममध्ये दिलेल्या आढळतात. त्या उन्मादासाठी, वैद्याच्या नित्य देखरेखीखाली आहेत हे ध्यानात घ्यावे. आम्ही चूर्ण रात्री १०० ते १२५ मिलिग्रॅमने सुरू करतो व तीन आठवडे वाढवीत नाही. पूर्वी विषाद झालेला, कुटुंबात आत्महत्येचा इतिहास असलेला, जठरव्रणाचा, कंपवाताचा वा दम्याचा रुग्ण, गर्भिणी, आणि मानसविकाराच्या गोळ्या घेणारा, या सर्वांत सर्पगंधा वर्ज्य. दर भेटीस 'झोप कशी आहे' याबरोबर 'मन लागते का, रडू येते का' हेही विचारतो. नातेवाइकांना विचारले तर उत्तर अधिक खरे मिळते.

द्रव्यशुद्धीचा प्रश्न याहून बिकट आहे. सर्पगंधेच्या मुळाच्या नावाखाली त्याच कुळातील दुसऱ्या जातींची मुळे व कांडाचे तुकडे बाजारात येतात. वीर्य मुख्यतः मुळाच्या सालीत असते, त्यामुळे साल निघालेला माल निरुपयोगी असतो. वनस्पती दुर्मीळ झाली असून आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराचे नियंत्रण आहे; जटामांसीचीही तीच स्थिती आहे. म्हणून औषधालय मालकांनी लागवडीचा, तपासणी-अहवालासह येणारा मालच घ्यावा. एका घाऊक विक्रेत्याकडील दोन खेपांच्या चूर्णांनी आमच्याच दोन रुग्णांत इतके भिन्न परिणाम दिले की तेव्हापासून खेप क्रमांक केसपेपरवर लिहिण्याची सवय आम्ही लावून घेतली.

मापन आणि चालू गोळ्या

उच्च रक्तदाब या नावाचा व्याधी संहितांत नाही. रक्तगत वात, आवृत व्यान, सिरागत विकृती अशी अनेक नावे सुचविली गेली व त्यावर परिषदांतून बराच खल झाला. विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्य सांगतात. दोष, अधिष्ठान व हेतू यांवरून चिकित्सा करावी. आमच्या अनुभवात स्थूल, मेदस्वी, दिवास्वापी रुग्णात कफ-मेदाने व्यानाचे आवरण हा विचार उपयोगी पडतो, तर कृश, चिंताग्रस्त, रात्री जागणाऱ्या रुग्णात वात-पित्ताचा. नावाचा वाद आम्ही येथेच सोडतो.

परंतु संप्राप्ती कोणतीही मानली तरी दाब मोजावाच लागतो. नाडीवरून दोषांचे ज्ञान होईल, मिलिमीटर कळणार नाहीत. डोके दुखत नाही व चक्कर येत नाही, तेव्हा बीपी नाही, असे रुग्ण मानतो. बहुसंख्य रुग्णांत पक्षाघात होईपर्यंत एकही लक्षण नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात भारतीय प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांत उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दर तीन प्रौढांत एक. तो संधिवातासाठी वा मूळव्याधीसाठी आला असला तरी.

जिना चढून आलेल्या रुग्णास खुर्चीवर पाठ टेकवून पाच मिनिटे बसू द्यावे. चहा, तंबाखू, विडी अर्ध्या तासात नसावी. मूत्राचा वेग असल्यास आधी जाऊन यावे. दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा, बाहीवरून पट्टा बांधू नये. जाड दंडास लहान पट्टा लावल्यास दाब खोटा अधिक दाखविला जातो. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजावा, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावा व वेगवेगळ्या दिवशी १४०/९० वा अधिक आल्यासच निदान करावे. वृद्धांत व सर्पगंधा चालू असणाऱ्यांत उभे करूनही मोजावा. पाऱ्याची यंत्रे आता मागे पडली. रसशास्त्राच्या वाचकांस त्याचे थोडे दुःख होईल. त्यांच्या जागी आलेली घड्याळाची यंत्रे लवकर चुकू लागतात, म्हणून वर्षातून एकदा तपासून घ्यावीत.

पहिल्या भेटीस रुग्णाच्या सर्व गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून घ्यावीत. आमच्या रुग्णेचा खोकला वर आला आहे. त्याचप्रमाणे ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, आणि तो रुग्ण पादशोथ म्हणून आपल्याकडे येतो. आपण पुनर्नवा देतो. सूज हटत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी व स्टिरॉइडने रक्तदाब वाढतो. लेबल नसलेल्या 'संधिवाताच्या पुड्या' घेणारा रुग्ण आला की आम्हांस प्रथम हीच शंका येते.

'आमचे औषध सुरू झाले, आता ती गोळी बंद करा' हे वाक्य उच्चारणाऱ्या वैद्यबंधूंना आमची कळकळीची विनंती आहे की त्यांनी ते उच्चारू नये. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल एकाएकी थांबविल्यास हृच्छूल उसळतो, झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन थांबविल्यास दाब पूर्वीपेक्षा वर जातो. पथ्य, वजन घटणे व औषध यांनी दाब सतत खाली राहू लागला तर गोळी कमी करणे शक्य असते. तो निर्णय गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी करावयाचा व आपण त्यांना दोन महिन्यांच्या नोंदी लिहून पाठवावयाच्या. १८०/१२० च्या वर दाब असून छातीत दुखणे, श्वास, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही असेल तर औषधी न देता रुग्णालयात पाठवावे. तिशीच्या आतील रुग्ण व गर्भिणी यांना लक्षणे नसली तरी तज्ज्ञांकडे धाडावे.

पंचकर्म करणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रत्येक दिवशी कर्मापूर्वी दाब मोजावा. वमनात कुंथण्याने दाब चढतो, म्हणून अनियंत्रित रक्तदाबात आम्ही वमन करीत नाही. स्वेदनात तो उतरतो. मूत्रल गोळी घेणाऱ्याचे विरेचन केल्यास जल व क्षार दोन्ही जाऊन रुग्ण उभा राहताच कोसळू शकतो. अशा वेळी मृदू विरेचन, तेही डॉक्टरांशी बोलून.

शिल्लक राहिली चिकित्सा. दाब १४०-१५९/९०-९९ एवढाच असून मधुमेह, वृक्कविकार, हृद्रोग नसेल तर आम्ही तीन महिने पथ्य व औषध यांवर ठेवून पाहतो. स्थूलात त्रिफळा, मृदू विरेचन, सायंकाळचे लघु भोजन, रोज अर्धा तास जलद चालणे; वजन चार-पाच किलो उतरले की दाब उतरलेला दिसतोच. अनिद्रेत जटामांसी, ब्राह्मी, शिरोधारा. शिरोधारेने झोप सुधारते व दाब काही मि.मी.ने उतरतो, परंतु ती थांबविल्यावर तो परततो, हे प्रांजळपणे नमूद करतो. अर्जुन हृद्य आहे. दाब उतरविण्याच्या अपेक्षेने ते देऊ नये. तीन महिन्यांत दाब १४०/९० च्या खाली आला नाही तर आधुनिक औषधास आम्ही अडवीत नाही.

औषधालय मालकांसाठी कायद्याची एक गोष्ट. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत रक्तदाब हा विकार आहे. म्हणून 'बीपी कायमचा बरा' असा फलक, पत्रक वा भ्रमणध्वनीवरील संदेश हा गुन्हा ठरतो. उत्पादकाने फुकट पाठविलेला फलक दुकानात टांगणेही अंगाशी येऊ शकते. याउलट औषधाच्या लेबलवर सर्व घटक परिमाणासह छापणे उत्पादकास बंधनकारक आहे. ते वाचून लवण, क्षार वा ज्येष्ठमध असलेल्या मालाच्या खणावर आम्ही लाल कागदाची पट्टी चिकटविली आहे. आमच्या औषधालयातील मुलाने पहिल्याच दिवशी सतरा पट्ट्या चिकटविल्या; आम्हांस सात-आठ वाटल्या होत्या.

त्या शिक्षिका आजही येतात. अग्निमांद्यासाठी त्यांना जेवणापूर्वी आल्याचा तुकडा लिंबाच्या रसात, मिठाशिवाय, आणि जेवणानंतर भाजलेले जिरे व ओवा सांगितला आहे. ताक बिनमिठाचे घेणे त्यांना प्रथम जड गेले, आता कोथिंबीर-जिरे घालून घेतात. मागील भेटीत दाब १३४/८२ होता व पोटॅशियम ४.१.